मागं कुणी नाही

तीर्थरूप बाबांना,

आपल्या एकुलत्या एक जावयाचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालता येत नाही, पाठ अजून धरलेली आहे.) आपल्या तळपायांचे फोड बसले का? सासूबाई मलम लावतात की अजून नुसतं बोलतातच? इकडे सगळं क्षेम आहे, म्हणजे आपली मुलगी मजेत आहे. मी तोंड लपवून आहे, त्याचं कारण सांगायलाच हे पत्र.

दिवसभर कचेरीच्या खुर्चीत बसून जुने नकाशे तपासणारा माणूस बावीस किलोमीटरच्या घाटात सायकल घालतो, तेव्हा त्यामागे बायकोचं एखादं वाक्य असतं. माझ्या बाबतीत ते "बाबा सदुसष्टाव्या वर्षी निघालेत, तुझं काय?" हे होतं. तिसऱ्या वळणापर्यंत मी आपल्याशी गप्पा मारत होतो, पाचव्यापर्यंत नुसता हुंकार देत होतो, आणि सातव्याला माझं चाक पंक्चर झालं. आपण स्वतःजवळची एकच जादा ट्यूब काढून माझ्या चाकात बसवलीत (मी पंप धरून उभा होतो, तेवढीच माझी मदत) आणि म्हणालात, "जावईबापू, व्हा पुढे. मी हात धुऊन आलोच." मी झालो पुढे. तिथून पुढचं आपल्याला ठाऊक नाही.

सहलीतल्या त्या मागच्या गाडीला सगळे केरसुणी म्हणत. शेवटच्या सायकलवाल्याच्या मागे राहायचं आणि तो थकला की त्याला उचलायचं, एवढंच तिचं काम. शेवटचा नसेल त्याला ती घेत नसे. त्या दिवशी ती एका दमलेल्या बाईंना माथ्यावर सोडून परत खाली येत होती आणि वाटेत तिला मी भेटलो. भेटलो म्हणजे मैलाच्या दगडावर पालथा पडलेला सापडलो. चालकाने काच खाली करून विचारलं, "साहेब, मागं कुणी आहे का?" बाबा, मी वळून पाहिलं. खालच्या वळणावर आपली पिवळी टोपी स्वच्छ दिसत होती. मी म्हणालो, "कुणी नाही. मीच शेवटचा." त्याने माझी सायकल टपावर बांधली आणि गाडी तिथूनच वळवली.

माथ्याच्या अलीकडे मी उतरलो, घाम दिसावा म्हणून तोंडावर पाणी मारलं, आणि टाळ्यांच्या गजरात पदक घेतलं. आपण तीन तासांनी, फुटक्या ट्यूबची सायकल ढकलत पायी आलात (जादा ट्यूब माझ्या चाकात सुखात होती) आणि पहिलं विचारलंत, "जावईबापू पोचले ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडलं नाही. आपण चालकावर कडाडलात. तो माझ्या पदकाकडे बघत राहिला आणि एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

चुकलं त्याचं नव्हतं, बाबा.

आपला (म्हणवून घ्यायची लाज वाटते),
जावई

ता. क. : आपल्या तक्रारीमुळे त्याला कामावरून काढताहेत. संयोजकांनी रविवारी सकाळी बोलावलंय. मी खरं सांगणार आहे, पण आपण बरोबर याल का? एकटा गेलो तर त्यांच्या दारापर्यंत पोचेस्तोवर मला काहीतरी पटण्यासारखं सुचेल.

आणखी एक : तक्रार आपण सांगितलीत आणि अक्षर बरं म्हणून मी लिहून काढली. त्यातलं 'चालक खोटारडा आहे' हे वाक्य आपण सांगितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.