एक दिवसाआड

नाशिक, १२ जून १९८४

दाजी,

अक्काच्या वर्षश्राद्धाला तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात धरून म्हणालात, "निवृत्ती होता म्हणून तिला अस्सल औषध तरी मिळालं." मी ते कौतुक ठेवून घेतलं.

अक्काच्या क्षयाचं औषध माझीच कंपनी विकायची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पेटंटची मुदत संपली आणि दुसऱ्या एका कारखान्याने तेच औषध पुष्कळ स्वस्तात बाजारात आणलं. साहेबांनी आम्हा विक्री प्रतिनिधींना बजावलं, "डॉक्टरांना सांगा, त्याचा गुण येत नाही." मी दवाखान्या-दवाखान्यांतून तसं सांगत फिरलो. गुण येतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी येवल्याला आलो तेव्हा अक्काने विचारलं, "ते सस्तातलं घेऊ का रे?" मी म्हणालो, "भलतंसलतं काही घेऊ नकोस." तिने माझं ऐकलं. रोज घ्यायच्या महागाच्या गोळ्या पुरवून पुरवून ती एक दिवसाआड खात राहिली. हे तिने मला शेवटच्या आठवड्यात सांगितलं आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नको." मला ते सोयीचंच होतं.

काल कळवणच्या डॉक्टरांनी विचारलं, "गरीब पेशंट आहे, स्वस्तातलं दिलं तर चालेल?" मी म्हणालो, "द्या. दोन्ही औषधं सारखीच आहेत."

परक्या माणसाला हे सांगता आलं. तुमच्यासमोर तोंड उघडत नाही, आणि हे पत्र पेटीत टाकायलाही हात धजत नाही.

तुमचा गुन्हेगार,
निवृत्ती