डेल्फीची सभा आणि आमच्या झऱ्याचा बांध

बीसिओस महिना, तिसरा दिवस

सोडतीत पांढरा घेवडा माझ्याच हाती आला! डेल्फीला बारा जमातींची सभा भरते, तिथे आमच्या डोंगरी लोकांच्या वतीने मी बसणार. लोक पाठ थोपटतायत आणि मी तोंड लपवत फिरतोय. कारण सभेपुढे तक्रार आहे आमच्याच गावाची. पोतामा गावाकडे खाली जाणारा झरा आम्ही बांध घालून आमच्या शेतांत वळवला. आणि पोतामात माझी लेक मेलिट्टा नांदते!

गावचा प्रमुख अगासिक्लेस म्हणतो, "सांग, झरा आपोआप आटला." बर्फ वितळायच्या दिवसांत! शेंबडं पोर तरी विश्वास ठेवील का?

चौथा दिवस

निघतोय. बायकोने, क्लेओबुलेने, शिदोरीला जवाच्या भाकऱ्या, ऑलिव्ह, बकरीचं पनीर बांधलं. एवढंच बोलली — "लेक तिकडं घागर घेऊन कोसभर चालतेय. तुम्ही जा, मान मिरवा."

आठवा दिवस, डेल्फी

शपथ झाली. अपोलोच्या वेदीपुढे सगळ्यांबरोबर मीही म्हणालो — सभेतल्या कुठल्याही गावाचं वाहतं पाणी तोडणार नाही, तोडील त्याच्यावर चालून जाऊ. शेवटचे शब्द नुसते पुटपुटलो.

पोतामाच्या बाजूने आलाय लाम्पोन, मेलिट्टाचा सासरा. शेजारीच बसला. "काय व्याही, आवाज बसला? डोंगरात पाणी एवढं, आणि घसा कोरडा?"

उद्या आमची पाळी. थेसलीचे सरदार आत्तापासून घोड्यांच्या गप्पा मारतायत. खोटं बोललो तर देवाचा कोप, खरं बोललो तर गावावर भाले. इकडे आड, तिकडे विहीर.

नववा दिवस

सुटलो!!

तक्रार पुकारली. लाम्पोन उठला, मी डोळे मिटले. तर म्हणतो काय — "सकाळीच गावाहून माणूस आला. पाणी परत आलंय. तक्रार मागे घेतो."

बस्स! "देवाने शपथ ऐकली" — सभाभर हेच. पुजाऱ्याने मूठभर धूप टाकला. थेसलीकर हिरमुसले. मला ना खरं बोलावं लागलं, ना खोटं. बाहेर येऊन भिंतीला टेकलो आणि चक्क रडलो. मग लाम्पोनने बिनपाण्याची वाइन पाजली. "देव तुमच्या बाजूचा आहे हो व्याही!" मी नुसती मान हलवत होतो. फार बरं वाटत होतं.

तेरावा दिवस, घरी

अगासिक्लेस पिसाळलाय. बांध मधोमध फोडलाय, दगड इतस्ततः! राखणदार शपथेवर सांगतो, एकही पुरुष वर गेला नाही. फक्त मी निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका धान्यदेवी देमेतेरच्या पूजेला गेल्या होत्या — आणि त्या दिवशी पुरुषाने तिकडे बघायचंही नसतं, म्हणून तो पाठ करून बसला होता.

चौदावा दिवस

अगासिक्लेसची बायको लंगडतेय. क्लेओबुलेच्या दोन्ही तळहातांना फोड. "पूजेत काय काय केलंत?" म्हटलं.

"पुरुषांनी विचारायचं नसतं."

मी तेलाची कुपी आणली आणि तिच्या हातांना लावत बसलो.