शेवगावचे घर मालनच्या नावे

मी, विजयमाला आबासाहेब मरकड, वय वर्षे एकसष्ट, धंदा घरकाम व रांगोळीची चित्रे काढणे, राहणार शेवगाव, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, बुद्धी मात्र शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट, लिहू नका असे सांगणारेच जास्त आले.

१. शेवगावचे घर, परसातल्या विहिरीसह, माझे पती कै. आबासाहेब यांनी स्वकमाईने बांधले व आपल्या पश्चात माझ्या नावे केले. ते मी त्यांची धाकटी बहीण मालनबाई हिला देत आहे. वकीलसाहेबांनी तिचे पूर्ण नाव विचारले. नवऱ्याचे लावावे तर त्याने दुसरी करून हिला घालवून दिले, आणि माहेरचे लावायला तिची काडीमोड झालेली नाही. म्हणून लिहिते की, मालनबाई म्हणजे माझी नणंद, जी इतकी वर्षे माझ्याबरोबर या घरात राहते आणि जिला सारे शेवगाव ओळखते, तीच.

ती आली तेव्हा आमचे बोलणे नव्हते. एका चुलीपाशी दोन बायका, दोघीही दुखावलेल्या. मला मूल नव्हते, तिला घर नव्हते. एका पोळ्याला मी अंगणात बैलजोडी काढली आणि पुरण बघायला आत गेले. परत येते तो बैलांच्या पायांखाली कोळशाच्या पुडीची सावली पडलेली. मालन बोटे झटकत उभी होती. म्हणाली, "वैनी, बैल अधांतरी हुते." त्या दिवसापासून रेघ माझी आणि सावली तिची.

२. आमची चित्रे कोणाला देता येण्यासारखी नाहीत. नगर, कोपरगाव, सोनई, जिथे प्रदर्शन भरले तिथे शेवटच्या दिवशी आम्हीच ती झाडून काढली. एकदा नगरच्या प्रदर्शनात चालकांनी पाटीवर एकटे माझे नाव लिहिले. एकच नाव शोभून दिसते, असे त्यांचे म्हणणे. मी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि चित्रातले मालनचे अर्धे कोणते ते दाखवा, तेवढे झाडते, असे सांगितले. पाटी बदलली. त्या गृहस्थांना मी क्षमा केली आहे, विसरले मात्र नाही.

३. चाळण्या, रंगांचे डबे आणि विटांवर ठेवून जिच्यावर ओणवे होऊन आम्ही काम करतो ती फळी, हे सर्व मालनचे. माझ्यामागे रेघही तिनेच ओढावी. तिला येते. माझा मान राखायचा म्हणून ती ओढत नव्हती.

४. कडूबाईच्या चित्राचा फोटो, चौकटीसह, कडूबाईचा. गेल्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावर ती खडी फोडत असे. तिला विचारूनच आम्ही शाळेच्या दालनात तिचे चित्र काढले. कामाला सुटी होती त्या दिवशी ती बघायला आली आणि चित्राभोवती एक फेरी घातली. मग म्हणाली, "बाई, डोक्यावर जरा सावली काढा की."

चित्र पुरे झाले होते, दारात लोक थांबले होते. खडीवर झाड नव्हतेच, असे मी तिला म्हणाले. मालनने माझ्याकडे पाहिलेही नाही. खाली बसली आणि चिमटीचिमटीने तिच्या डोक्यावर बाभळीची सावली धरली. ती पुरी होईतो कडूबाई जागची हलली नाही. ते आमचे सर्वांत चांगले चित्र, असे माझे मत आहे. सध्या कडूबाई ऊसतोडीला कोपरगावकडे आहे. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत फोटो टिकायचा नाही म्हणून तिने तो आमच्याकडे ठेवला. मागेल तेव्हा द्यावा.

५. पुतण्या गोरक्ष यास शेतातला माझा हिस्सा पूर्वीच दिला आहे. घराच्या मोजणीला माणूस घेऊन आला तेव्हा तो अंगणातल्या अर्ध्या चित्रावरून चपलांसकट चालत गेला, आणि जातानाही तसाच. माझा त्याच्यावर राग नाही असे लिहिले तर हे मृत्युपत्र खोटे ठरेल. तरी आबासाहेबांचे घड्याळ त्याला द्यावे. लहानपणी तो ते कानाशी धरून झोपत असे.

६. घर मालनला हयातीपुरते द्यावे, नंतर ते गोरक्षकडे जावे, म्हणजे घरचे घरात राहील, असे वकीलसाहेबांनी सुचवले. मी नको म्हणाले. मालन घरचीच आहे. तिला घर पूर्ण मालकीने दिले आहे.

हा मजकूर मी आज तिला वाचून दाखवला. रांगोळीचा हात पदराला पुसत ती उंबऱ्यावर बसली.

"म्हंजे मी इकलं तरी चालंल?"

चालेल, मी म्हणाले.

"गोरक्षाला इचारावं लागंल?"

कोणालाच नाही, मी म्हणाले.

ती रस्त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "इकायचं न्हाई मला. पन चालंल, न्हवं?"

चालेल. तेच येथे कायम करून, खालील दोघांच्या देखत सही करते.

(सही) विजयमाला आबासाहेब मरकड

विजयमालाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. गहिनीनाथ लांडे, चित्रकला शिक्षक, शेवगाव
२. पुंजाराम काटे, किराणा दुकानदार, शेजारी

शेवगाव, ता. ११ डिसेंबर १९७३