म्हाताऱ्यांची बालवाडी

९ जानेवारी १९९६
मिळाली एकदाची बालवाडीची जुनी खोली! वीस वर्षं जिथं पोरं सांभाळली, तिथं आता म्हातारी माणसं. सकाळी नऊ ते पाच — घरचे रानातून येईपर्यंत. वरकुटे गावात सगळे हसतायत. म्हाताऱ्यांची बालवाडी म्हणतात. म्हणू देत.

१० जानेवारी
तिघंच आले. झुंबरतात्या चहा पिऊन लगेच झोपले.

२ फेब्रुवारी
भागूबाईच्या घरी गेले होते. म्हातारी खाटेला बांधलेली! पायात जनावराचं दावं, घोटा सोलवटलेला. सून मनिषा खाली बघून सांगत होती — मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली, तरी सासू ती शोधायला निघते. नवरा मल्हार कारखान्यावर, ही खुरपायला. राखणार कोण?
मी म्हणाले, सोड तिला, मी राखते. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोन्ही वेळा नक्की म्हणाले.

२० फेब्रुवारी
अकरा जण झाले. भागूबाईचा घोटा भरलाय. आज कुणीतरी लोकर आणि सूत कातायची चाती आणली, तर तिनं ती धरून सरळ सूत काढलं. सुनेचं नाव आठवत नाही, पण हात काही विसरलेले नाहीत.

१४ मार्च
कसं लिहू.
दुपारी झुंबरतात्यांना परसाकडे घेऊन गेले. दाराची कडी लावायची राहिली. दहा मिनिटं, फार तर. परत आले तर भागूबाई जागेवर नाही. ‘मेंढरं तान्हेली हायेत’ म्हणून गेली, असं बाकीच्यांनी सांगितलं. त्यांच्यातल्या कुणाला उठून धावता येणार होतं?
कालव्याला पाणी सुटलेलं. दिवस मावळताना खालच्या पुलापाशी सापडली.
तिचं दावं मीच सोडायला लावलं होतं.

१५ मार्च
माती झाली. मल्हारनं माझ्याकडे बघितलं नाही. कुणी मला बोललंही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

१८ मार्च
खोलीला कुलूप लावलं. झुंबरतात्या तरी येऊन पायरीवर बसतात म्हणे. मी तिकडे फिरकले नाही.

२७ मार्च
मनिषा आली. उंबऱ्यातच बसली. मग म्हणाली, “बाई, आत्याबाई आमच्या बांधावरनंच गेल्या कालव्याकडं. मी बघितलं. हाक न्हाय मारली.”
का, विचारलं.
“लई दमले हुते.”
तिला पाणी दिलं. उद्या खोली उघडते.