पाच किलोमीटरचं कारण

३ जानेवारी, सकाळी सव्वानऊ

आजपासून वही. चौथीनंतर पहिल्यांदाच लिहितेय, बोटं कुरकुरतात. शिट्टीबाईंनी सगळ्यांना लिहायला लावलंय. आपलं आपल्यापुरतं, कोणी वाचणार नाही म्हणाल्या. त्या मैदानावर चालण्या-पळण्याचा वर्ग घेतात. गळ्यात कायम शिट्टी, पण स्वभावाने गरीब.

दहा फेब्रुवारीला पाच किलोमीटरची शर्यत. दीड तासात पोचलं की मेडल. मी नाव दिलं! वर्गात सगळ्यात मोठी मीच, सदुसष्ट. शिट्टीबाई म्हणाल्या, पाय नंतर, आधी मोटिव्हेशन शोधा. नातीला विचारलं. म्हणाली, आजी, म्हणजे अंथरुणातून उठायचं कारण. हात्तिच्या! मला कारणांची काय वानवा?

कारण : गुडघे.

निश्चय : रोज पहाटे पाच. मैदानाला दहा फेऱ्या.

४ जानेवारी, सकाळी आठ

पाचला जाग आली होती. म्हणजे उठल्यासारखंच. गुडघा म्हणाला, आज नको. ज्याच्यासाठी उठायचं, त्याचंच ऐकायला नको का?

कारण बदलते. नवीन कारण : वजन.

६ जानेवारी

दोन फेऱ्या. खरं तर दीड, उरलेली अर्धी मनाने केली. वाटेत शिंपीणबाई भेटल्या. त्यांच्या सुनेला बाळ झालं, चार किलोचं. चार किलोचं बाळ म्हटल्यावर माणूस थांबणार नाही? त्यावरून त्यांच्या जावेचं ऑपरेशन निघालं, त्यावरून जावेच्या भावाचा चष्म्याचा धंदा, तोवर ऊन डोक्यावर.

घरी आल्यावर हे म्हणाले, तुझं तोंड रोज दहा किलोमीटर जातं, पाय तेवढे मागे राहतात. यांना काय कळतंय! बोलताना दम लागतो, म्हणजे फुप्फुसांचा व्यायाम होतोच.

११ जानेवारी

वजन केलं. अर्धा किलो वाढलंय. सूनबाई म्हणाली, आई, ते स्नायू असतील. गुणी पोर. ओठ चावत होती, कौतुक आवरत नसणार.

१५ जानेवारी, दुपार

खरं कारण सापडलं! वन्सं आल्या होत्या. म्हणजे माझी थोरली नणंद, समोरच्याच इमारतीत राहतात, बहात्तर वर्षांच्या. मैदानावर कधी पाऊल टाकलेलं नाही. माझे नवे बूट उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाल्या, छान आहेत गं वहिनी, भाजी आणायला होतील.

अस्सा राग आला! सांगून टाकलं, मेडल आणणार, आणि तुमच्याच हाताने गळ्यात घालून घेणार. नाही आणलं तर पुन्हा कधी उलट बोलणार नाही. वन्सं म्हणाल्या, हे बघायला मी जातीने येते.

आता माघार नाही. दोन्ही इमारतींना सांगून झालंय.

१६ ते २१ जानेवारी

थंडी.

२२ जानेवारी

रागाच्या भरात तीन फेऱ्या, न थांबता! चौथीला राग संपला. मूळचाच टिकत नाही माझा. त्यात संध्याकाळी वन्संनी गरम सूप पाठवलं. आता कसा राहणार राग? नवीन कारण बघायला हवं. उद्या बघते.

३ फेब्रुवारी

शिट्टीबाईंनी घड्याळ लावून पाच किलोमीटर चालवलं. दोन तास दहा मिनिटं. दीडच्या अगदी जवळ आलेय. त्यांनी हळूच विचारलं, आजी, एकदा न बोलता चालून बघता? बघितलं. कंटाळ्याने पाय जड झाले. त्यांना समजावलं, काळजी करू नका, त्या दिवशी जोर आपोआप येतो. बिचाऱ्यांना पटलं, घड्याळ खिशात टाकलं.

९ फेब्रुवारी

नंबर मिळाला, चारशे सतरा. कागदामागे चिप असते, वेळ तीच मोजते म्हणे, आपण नुसतं चालायचं. सूनबाईने नंबर स्वेटरला टाचून दिला. अर्धं काम झाल्यासारखं वाटतंय.

१० फेब्रुवारी, दुपारी दोन

नीट लिहून ठेवते.

वन्संनी शब्द पाळला. घरातल्या चपला, हातात पर्स, थंडीने कुडकुडताहेत. मला मात्र नुसत्या उत्साहाने घाम. माझा स्वेटर काढून त्यांना घातला आणि म्हटलं, तुम्ही शेवटाला जाऊन उभ्या राहा.

पहिला किलोमीटर झकास. दुसरा बरा. मग पाण्याचं टेबल. पाणी द्यायला बँकेतल्या बायका, पेले काठोकाठ भरत होत्या, निम्मं पाणी रस्त्यावर! दाखवल्याशिवाय पुढे कशी जाणार? दाखवता दाखवता दोनशे जणांना पाणी दिलं. एकीच्या मुलीचं लग्न ठरलंय, मुलगा डोळ्यांचा डॉक्टर, पण स्वतःच चष्मिश. हसून हसून पुरेवाट!

मग मागे राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी आली. ड्रायव्हरने नंबर विचारला. नंबर स्वेटरवर. स्वेटर वन्संवर.

शेवटाला गाडीतून उतरले तर वन्सं मेडल घालून उभ्या! त्यांनी शेवट कुठे म्हणून विचारलं, तर ज्याने त्याने पुढे बोट दाखवलं. थांबल्या की लोक टाळ्या वाजवून ओरडायचे, आजी, थांबू नका! आजी कोणाला म्हणता, असं म्हणत त्या तणतणत चालत राहिल्या. एक तास बारा मिनिटं. चपलांत! टेबलापाशी मला तीनदा हाक मारली म्हणे. मी वर न बघता पाणी दिलं. अर्धाच पेला, हेही ऐकवलं.

फोनवर अभिनंदन माझ्या नावाने आलंय. म्हणजे कागदोपत्री मीच पोचले. वन्संना तसं म्हटलं. म्हणाल्या, नाव तुझं, घाम माझा, आणि आता उलट बोलायचं नाही असं ठरलंय.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ

शिट्टीबाई घरी आल्या. मला वाटलं, माझी समजूत घालायला. दहा किलोमीटरच्या वर्गात नाव घालायला आल्या होत्या. वन्संचं. वन्सं इथेच बसल्या होत्या, मेडल घालूनच. म्हणाल्या, एकटीला करमणार नाही, वहिनीलाही घ्या. शिट्टीबाई म्हणाल्या, घेणारच, आजी पाण्याच्या टेबलावर हव्यातच.

लगेच हो म्हटलं. जाता जाता विचारून घेतलं, टेबलवाल्यांना मेडल असतं का? नसतं. टोपी देतात.

मला टोपी शोभते.