शिकागोचा फंड आणि आमची कर्णबधिर शाळा

३ ऑक्टोबर २००३, शुक्रवार
गुहागरच्या आमच्या कर्णबधिर शाळेला कानतपासणीचं मशीन हवंय. सध्या पोरांना एसटीने रत्नागिरीला न्यावं लागतं. शाळा चालवणाऱ्या मंडळाचा दुबईतला सेक्रेटरी मी, म्हणजे जबाबदारी माझी. आज नेटवर शोध लागला: डोनर-अॅडव्हाइज्ड फंड. अमेरिकेतला माणूस फंडात पैसे ठेवून टॅक्स वाचवतो. पुढे तो एखाद्या संस्थेचं नाव सुचवतो, फंड त्या संस्थेला ग्रँट देतो. म्हणजे पैसे आधीच बाजूला काढलेले. फक्त आपलं नाव सुचवून घ्यायचं. किरकोळ काम.

५ ऑक्टोबर
इथल्या आमच्या गाववाल्या हनीफच्या शाळूसोबत्याचा, शिकागोच्या डॉ. जहूरभाईंचा, असाच फंड आहे! ते सतरा तारखेला दुबईत येतायत. हनीफची बायको सुरैय्या त्यांना अधूनमधून शाळेची खबरबात कळवते. हौशी प्रकार. आता प्रोफेशनल हात लागेल.

८ ऑक्टोबर
‘गुहागर कर्णबधिर सेवा मंडळ’ अमेरिकेत चालणार नाही. नवं नाव ठेवलं: ग्लोबल हिअरिंग मिशन इंटरनॅशनल. कार्डं छापली. बायको, हेमा, म्हणाली, मंडळाला विचारलंत का? म्हटलं, सरप्राइज. वेदांगला वेबसाइट करायला सांगितली. ‘बाबा, आय हॅव अ टेस्ट.’ ही पिढी.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ
अल कुसैसला हनीफकडे जेवण. माझं प्रेझेंटेशन. जहूरभाईंनी मध्येच विचारलं, शाळेत मुलं किती? म्हटलं, ते अपेंडिक्समध्ये येईल. तेव्हा सुरैय्या सांदण वाढता वाढता शाळेतल्या छोट्या कुबराबद्दल सांगायला लागली. कानाला ऐकण्याचं यंत्र लागलं आणि पहिल्यांदा कुकरची शिट्टी ऐकली, तर पोरगी आईच्या मागे लपली. जहूरभाई हसले, मग चष्मा पुसत बसले. सुरैय्याने सरळ विचारलं, भाई, तुमच्या फंडातून तपासणीचं मशीन होईल का? ते म्हणाले, इन्शाल्ला, का नाही? संस्थेचं नाव द्या. मी चपळाईने कार्ड दिलं.
वातावरण तिने तयार केलं. क्लोजिंग माझं.

११ नोव्हेंबर
इफ्तारनंतर हनीफचा फोन. फंडाच्या ऑफिसने चौकशी केली. या नावाची संस्था भारतात कुठेच नोंदलेली नाही. ग्रँट नामंजूर. अमेरिकन लोकांकडे व्हिजन नाही, म्हटलं. हनीफ म्हणाला, मुरलीधर, मी गावी सगळ्यांना सांगून बसलोय रे.
जेवण गेलं नाही. वेबसाइट वेळेत झाली असती तर ही पाळी आली नसती.

१३ नोव्हेंबर
सुरैय्याने जहूरभाईंना ईमेल केली: मंडळाचं खरं नाव, नोंदणी क्रमांक, मशीनची किंमत. खलास. ना मिशन, ना व्हिजन. हनीफला म्हटलं, एवढ्याने कुणी ग्रँट देत नसतं.

१९ डिसेंबर, शुक्रवार
दिली. शिवाय जहूरभाई दर वर्षी आमचं नाव सुचवणार आहेत.
काल मंडळाची मीटिंग झाली. सुरैय्या सेक्रेटरी. मला बढती: सल्लागार. ती आदराने म्हणाली, मुरलीधरभाऊ, सल्ला लागला की नक्की फोन करू.
सकाळपासून फोनजवळच होतो. दुपारी वाजला. हनीफ. घरी पाहुणे आलेत, तुझ्याकडे फोल्डिंगच्या खुर्च्या आहेत का?
चार आहेत, असा सल्ला दिला.