बी विंगचे कोरडे पाइप

ती. नानांना भगवंताचा नमस्कार,

इथे सिल्वासाला मी बरा आहे. आईचा गुडघा आता कसा आहे? तेल लावता ना?

डोकमर्डीच्या ज्या सोसायटीत मी छताला आग विझवायचे स्प्रिंकलर बसवले, तिथे ए विंगमध्ये बुधवारी दुपारी आग लागली. रजनी मॅडमच्या कढईतलं तेल पेटलं. आच लागताच वरचा स्प्रिंकलर आपोआप सुरू झाला आणि बंब येईपर्यंत आग स्वयंपाकघराबाहेर गेली नाही. शेजारच्या खोलीत त्यांची लेक झोपली होती. तिला काही झालं नाही.

मॅडमनी मला हात जोडले. म्हणाल्या, "माझी बहीण बी विंगमध्ये राहते. तिथेही तुम्हीच बसवलेत ना?"

मी हो म्हणालो. पण नाना, तिथले पाइप गळतात म्हणून सेक्रेटरींनी व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय. स्प्रिंकलर आहेत, पाणी नाही. हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

सेक्रेटरींना भेटलो, तर म्हणाले, "दिवाळीनंतर बघू. कुणाला बोललास तर इथलं काम बंद." दिवाळी चार दिवसांवर आली. बी विंगच्या बाल्कन्यांत आतापासूनच पणत्या लागतात.

आज हे पत्र टाकलं की बी विंगचं एकेक दार वाजवणार आहे, पहिलं मॅडमच्या बहिणीचं. काम गेलं तर घरी येईन. रागावू नका. आईला एवढ्यात सांगू नका.

तुमचा
भगवंत